नववी ताटली

हवेच्या मागे धावून धाप लागलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे शेजारचे सर. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली माणसं कोपरगावात सहसा एखाद्या समितीवर जातात आणि हारतुरे घेतात. सर गच्चीवर गेले. काकूंचा दमा गळीत हंगामात वाढायचा. साखर कारखान्याच्या धुराड्यातली काजळी आपल्याकडे कधी वळणार हे आधी कळलं, तर खिडक्या लावून घेता येतील, एवढाच त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी अख्खं गाव संगणकात भरलं. वाऱ्याचा वेग, धुराड्याची उंची, पहाटेचा गारठा असं सगळं घातलं की पडद्यावर धुराचं शेपूट हलायचं. ते बसून बघावं, तर सरांना बसता येतच नसे. चहा घेऊन जिना चढायचे आणि तो वर विसरून खाली यायचे. एका लग्नात मांडवाची कनात उलटी फडफडली, तर हातातल्या अक्षतांसकट घरी पळाले. वारा फिरला होता.

पडताळ्यासाठी गल्लीतल्या नऊ गच्च्यांवर त्यांनी खोबरेल चोपडलेल्या पांढऱ्या ताटल्या ठेवल्या होत्या. रोज भिंगाखाली काळे कण मोजायचे. समोरच्या दूधवाल्याची आई खालून ओरडायची, "सर, आज पापड घालू का न्हाई?"

"अकरापर्यंत घाला, मग उचला!"

आणि खरंच अकराला काजळी यायची. आठ ताटल्या संगणकाचं ऐकत. नववी, सरांच्या स्वतःच्याच गच्चीवरची, ऐकत नसे. गणित म्हणे स्वच्छ, ताटली काळी. तिच्यापायी तीन हंगाम त्यांनी झोप घालवली. पाचट जाळणारी शेतंसुद्धा नकाशात घातली. काकू खाली खोकतच होत्या.

हंगाम संपला की सर ताटल्या उचलून ठेवत. यंदा नववी राहून गेली. कारखाना बंद होऊन आठवडा झाला, पुसून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी ती काळीच!

"आता धूर येतो कुठून?" सर माझ्यावर डाफरले, जणू मीच तिथं विडी ओढत होतो.

परसातून काकू डोळे पुसत आल्या. "अहो, बंब तापलाय. पाणी काढू का आंघोळीला?"

सरांना बारा महिने कढत पाणी लागे. त्यासाठी रोज पहाटे काकू चिपाडं घालून बंब फुंकत, आणि धूर भिंतीला धरून सरळ वर जाई.

"कधी बोलली नाहीस," सर हळूच म्हणाले.

"तुम्ही खाली कधी होतात?"

बंब त्याच दिवशी माळ्यावर गेला. आता थंडीत सरांचं गार पाण्याखालचं "हर हर" तीन गल्ल्यांना ऐकू जातं. काकूंचा खोकला कमी झालाय, गेलेला नाही. तो ऐकू आला की सर अर्ध्या जिन्यावरून परत फिरतात, आणि बराच वेळ, अजिबात न हलता, त्यांच्याजवळ बसून राहतात.