पाठ मजबूत करायला गेलो होतो

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, "वजनं उचलता का?" मी म्हटलं, "उचलतो की. पाठ मजबूत व्हावी म्हणून."

ते हसले नाहीत. "डिस्क प्रोलॅप्स आहे," म्हणाले. म्हणजे दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाच्या नसेवर दाबत होती. पावलाची ताकद आणखी कमी झाली तर ऑपरेशन, तोवर फिजिओथेरपी.

मी तेलगावचा ट्रॅक्टर मेकॅनिक. उजवा पाय गेला की गॅरेजला कुलूप, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. बीडहून परतताना एसटीत धड बसता येईना, धड उभं राहता येईना.

सुरुवात साध्या कंबरदुखीने झाली होती. दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त. गावात जिम चालवतो, सगळे त्याला वस्ताद म्हणतात. तो म्हणाला, "गोळ्या कावून खातो बे? पाठ कच्ची हाय तुझी. रो मार." रो म्हणजे कमरेत वाकून वजनाचा बार पोटाकडे ओढायचा, आडातून घागर शेंदावी तसा. मी इमानेइतबारे ओढत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात मांडीपासून पोटरीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. "नस मोकळी व्हायलीय," दत्ता म्हणाला आणि दोन्हीकडे एकेक प्लेट वाढवली. मग एका सकाळी पायातली चप्पल निसटून मागे राहिली, तरी मला पत्ताच नाही. तेव्हा घाबरलो.

फिजिओथेरपीचा चौथा दिवस. मी बाकावर नंबरची वाट बघत होतो. पडदा सरकला आणि आतून दत्ता आला, हातात कमरेचा पट्टा. मला बघून त्याने तो पाठीमागे लपवला.

"तू इथं?"

"दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "माझीबी गादी सरकली हाय. रो मारतानाच."

जिममध्ये हा कधीच बार ओढत नव्हता, नुसता आकडे मोजायचा, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

"मग मला रो मारायला कावून लावलं?"

"पाठ गेलेल्या वस्तादाकडं कोण येईल, रफीक?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. एमआरआयच्या त्या बोगद्यात मी रडलो नव्हतो, इथे चारचौघांत रडलो.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला रोच शिकवला, पण आधी बसून रबराच्या पट्ट्याने, नंतर बाकावर पालथं झोपून एक किलोच्या डंबेलने. व्यायामाचा दोष नाही, म्हणाल्या. पायात मुंग्या असताना वजन वाढवलं, ते चुकलं. म्हणून सांगतो, तुम्हालाही मुंग्या आल्या तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. दोस्ताचं ऐकू नका.

तीन महिन्यांत पाऊल नीट उचललं जाऊ लागलं. ऑपरेशन टळलं, ते मॅडमच्या चिकाटीमुळे. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. आता गिअरबॉक्स साखळीच्या कप्पीने उचलतो, गिऱ्हाईक कितीही घाई करो.

मागच्या आठवड्यात जिममध्ये गेलो. भांडायलाच गेलो होतो. गावातले एक मास्तर एका हाताने कंबर दाबत बारपाशी वाकले होते. मी म्हणालो, "सर, ठेवा खाली." ते गोंधळले आणि दत्ताकडे वळून म्हणाले, "वस्ताद, तुमीच एकदा करून दाखवा की."

दत्ताने माझ्याकडे पाहिलं. सगळे थांबले होते.

"मला न्हाई वाकता येत, सर," तो म्हणाला. "माझी पाठ गेली हाय."

एवढंच त्याने मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मी तरीही त्याच्याच जिममध्ये गेलो असतो.