बांधावरचं रोप

कोंडार मॅडम सर्व्हर रूममध्ये शिरण्याआधी दारावर टकटक करत. आत कोणी नसे. कुलूप त्यांनीच उघडलेलं, किल्ली त्यांच्याच हातात, तरी आधी टकटक आणि मग आत. कामावरच्या पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मॅडम, आत कोण आहे?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सगळा दवाखाना हाय की आत. लोकाच्या घरात तू असाच घुसतो का रे?"

नगरमधल्या आमच्या धर्मादाय दवाखान्याचा संगणक विभाग म्हणजे कोंडार मॅडम. मूळच्या अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या. इंजिनिअर झाल्या, विभागप्रमुख झाल्या, पण बोलणं डोंगरातलंच राहिलं. मीटिंगमध्ये त्यांची मराठी इस्त्रीची असे; काम अडलं की इस्त्री मोडे. आमच्या एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बरेच संगणक नांदत होते. एक केसपेपरचा, एक औषधांचा, एक लॅबचा. हात लावता येईल असं त्यांना अंग नसतं, पण काम मात्र ते खऱ्या संगणकासारखं करतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मॅडमनी त्यांना आपल्या भागातल्या गावांची नावं दिली होती. लॅबचं मशीन रतनवाडी, औषधांचं घाटघर. "घाटघर बंद पडलंय" असं कानावर आलं की औषधांच्या खिडकीतली माणसं उठून चहाला जात.

मी जामखेडचा. त्यामुळे मॅडमच्या तोंडी माझं नाव जामखेडकर झालं, आणि त्यात थोडी कीवही होती. भाताची लावणी, म्हणजे त्यांच्याकडची आवणी, मी कधी पाहिलेली नाही हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मग तुला शिकवू तरी कशावरून? तुमची ज्वारी पेरली की मोकळे. भाताला दोन घरं लागत्यात बाबा. एका घरात उगवायचं, दुसऱ्या घरात पिकायचं."

ही दोन घरं लवकरच आमच्या वाट्याला आली. या सगळ्या मशीनना जागा देऊन सांभाळणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला हायपरवायझर म्हणतात. आमच्या हायपरवायझरच्या कंपनीनं वर्षाची फी अशी वाढवली की विश्वस्तांनी हातच टेकले. दुसरा, फुकटात मिळणारा हायपरवायझर घ्यायचा आणि सगळी मशीन तिकडे हलवायची असं ठरलं. मॅडमच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते. "सगळी रोपं लावूनच जाते," त्या म्हणाल्या. "मागं कोनी नाव ठेवायला नको." एरवी कोणाची पर्वा न करणारी ही बाई, पण या एका गोष्टीची त्यांना खरोखर धास्ती होती.

पहिलं मशीन मी उत्साहात हलवलं. नव्या जागी ते सुरूच होईना. निळा पडदा दाखवून गप्प बसलं. मॅडम शांतपणे चहा पीत होत्या. "चिखलनी कोनी करायची? तुझ्या आज्यानं? आदी वावरात चिखल, मग आवनी." नव्या जागेशी जुळवून घेणारी छोटी सॉफ्टवेअरं, म्हणजे ड्रायव्हर, मशीन जुन्या घरात असतानाच त्याच्या पोटात घालायची असतात, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात कायमचं बसलं. मग आम्ही एकेक मशीन नीट हलवत गेलो. मशीन नव्या जागी उभं राहिलं की मॅडम त्या-त्या खात्यात स्वतः जायच्या, एखाद्या सिस्टरच्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि तिला काम करताना बघत राहायच्या. "पडदा हिरवा दिसतो त्याचं काय खरं न्हाई. मानूस कुरकुरतंय का ते बघायचं."

पण हलवलेल्या मशीनची जुनी प्रत काही त्या पुसू देईनात. जुन्या सर्व्हरवर ती बंद करून तशीच ठेवायची. मी कारण विचारलं. "आवनी झाली तरी मूठभर रोप बांधाच्या कडंला ठेवायचं आस्तं. चार दिसांनी वावरात नांगं पडत्यात, म्हंजे मधलं मधलं रोप मरतं. तवा भरायला कुठून आननार? शेजाऱ्याच्या दारात जानार का?"

आमचे विश्वस्त अण्णासाहेब यांना तो जुना सर्व्हर जामखेडच्या नव्या शाखेसाठी हवा होता. शाखेचं उद्घाटन तोंडावर आलेलं. ते दर आठवड्याला विचारायचे आणि मॅडम दर आठवड्याला थांबा म्हणायच्या. शेवटी एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते बोलून गेले, "मॅडम, स्वतःच्या कामावर विश्वास नाही का तुमचा? की मुदतवाढ हवीय?" मॅडमचा चेहरा उतरला. "पंधरवडा द्या अण्णासाहेब," एवढंच त्या म्हणाल्या. मला अण्णासाहेबांचा मनस्वी राग आला होता.

तो पंधरवडा संपत आला असताना एका सकाळी लॅबची रतनवाडी अडून बसली. 'हे यंत्र ओळखीचं नाही' अशा अर्थाची पाटी पडद्यावर. रिपोर्ट निघेनात. शेवगाव, पाथर्डीहून आलेली माणसं बाकांवर खोळंबली. एका आजोबांना ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं, आणि सहीचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय भूलतज्ज्ञ पुढे जायला तयार नव्हते. अण्णासाहेबही धावत आले.

मॅडमनी दारावर टकटक केली आणि आत गेल्या. पाटी वाचली. "माझीच चूक," त्या मोठ्यानं म्हणाल्या. लॅबचं सॉफ्टवेअर मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर बघून ओळख पटवत होतं. मशीन हलवलं तेव्हा नव्या घरात त्याला नवा नंबर मिळाला, तो बदलून जुनाच द्यायचं त्यांच्याकडून राहून गेलं. सॉफ्टवेअरनं काही दिवस कळ काढली आणि मग दार लावून घेतलं. "सासरी नांदायला लागली, तरी आजून माहेरची वळख मागतीया."

जुन्या रतनवाडीचा नंबर तिच्या जुन्या घरातच, त्या बंद प्रतीत, लिहिलेला होता. मॅडमनी तो पाहिला, नव्या रतनवाडीला दिला आणि ती सुरू केली. प्रिंटर घरघरला. पहिला रिपोर्ट आजोबांचा निघाला.

अण्णासाहेब म्हणाले, "बरं झालं, तुम्ही ठेवलं होतंत." मॅडम हसल्या नाहीत. "हुशारी म्हनून न्हाई ठेवलं, अण्णासाहेब. कामावर इस्वास हाय माजा. पर चूक मानसाकडनंच व्हती. ती मूठ मी माझ्या चुकीसाठी ठेवलीवती." अण्णासाहेबांनी हात जोडले. तसं करताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

निवृत्त होऊन मॅडम गावी गेल्या. फोन करायच्या, मशीनची नावं घेऊन खुशाली विचारायच्या आणि शेवटी जमलंच तर माझी. गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत त्या गेल्या. दहाव्याला जीपने गेलो. त्यांच्या वावरात लावणी झाली होती, आणि बांधाच्या कोपऱ्यात थोडं रोप दाटीनं उभं होतं. त्यांचे धाकटे भाऊ म्हणाले, "आक्काची मूठ. अवंदा बी तिनंच ठेवलीया." आयुष्यात पहिल्यांदा मी ते रोप पाहिलं आणि मला रडू आवरलं नाही. इतकं कोणी मला पुन्हा शिकवणार नव्हतं.

जुना सर्व्हर जामखेडला कधीच गेला. जुनी रतनवाडी मात्र मी नव्या सर्व्हरच्या एका कोपऱ्यात आणून ठेवली आहे, बंद. आता तिचा काही उपयोग नाही. परवा अण्णासाहेब आले असता पडद्यावरच्या यादीत तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बंद दिसतंय. जागा अडवत असेल ना?" पुसायला हवं हे मला कळत होतं, हात धजत नव्हता. त्यांनी वाकून नाव वाचलं. मग बोट उचललं.

"असू द्या," ते म्हणाले. "मीही चुकतो."