प्रेसमागची हाक

तुमचं नाव घेऊन मागून कुणी ओरडलं, तर मान वळवायची नाही हे तुमच्या हातात आहे का?

दुसरीकडे लक्ष द्यायचंच नाही, असं मी एकदा ठरवून बसले होते. पुण्यात शिकताना एका प्रयोगशाळेत प्रयोगासाठी गेले. डोक्यावर तारांची टोपी, केसांत चिकट जेल, दोन कानांत दोन वेगळ्या गोष्टी. ऐकायची फक्त डावीकडची. नंतर तिथल्या बाईंनी आलेख दाखवला. ज्या आवाजाकडे माझं लक्ष होतं, त्याला मेंदूतल्या विजेची लाट उंच उठत होती. दुसऱ्याला खुजी. पण उजव्या कानातल्या गोष्टीत त्यांनी मध्येच माझं नाव घातलं होतं. तिथे रेघ ताडकन उसळली होती.

"हे तुम्ही केलं नाहीत," बाई म्हणाल्या. "नाव ऐकलं की मेंदू जातोच तिकडे."

गेल्या महिन्यात निघोजेजवळच्या एका कारखान्यात माझ्या दादाची डाव्या हाताची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली गेली. तो पत्रा आत सरकवत होता. सुपरवायझर मागून त्याचं नाव घेऊन ओरडला, "झोपला काय रे? माल कुठंय?" दादाची मान वळली आणि पाय प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर पडला. आत हात असेल तर प्रेस थांबवणारा सेन्सर त्याच सुपरवायझरने बंद करून ठेवला होता. उत्पादन वाढावं म्हणून.

आता कंपनीला दादाकडून लिहून हवंय की त्याचं लक्ष नव्हतं. लिहून दिलं की दोष त्याचा, आणि नोकरीही गेली.

"डावा गेला, सहीचा उजवा शाबूत हाय," दादा म्हणाला. "कंपनीचं नशीब बघ."

मी सुपरवायझरला गेटवर गाठलं.

"ताई, मशीनवर लक्ष नको का माणसाचं?"

"होतं. तुम्ही ओढून घेतलंत."

"मी तर रोजच ओरडतो. बाकीच्यांची बोटं आहेत की जागेवर!" असं म्हणून तो हसला.

ते हसणं मी विसरणार नाही. अपघाताच्या भर चौकशीत सगळ्यांदेखत त्याची मान खाली जावी, त्याची खुर्ची जावी, मला एवढंच हवंय. याला सूड म्हणत असाल तर म्हणा. सूडच आहे.

दादाच्या शिफ्टमधले कामगार म्हणतात, मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. आलं होतं, भावांनो. नाव तुमचं नव्हतं, म्हणून मान वळली नाही. सोमवारी चौकशी आहे. या, त्याच्यासमोर उभे राहा आणि तो काय ओरडला ते मोठ्याने सांगा.