मिसाइल उजवीकडं कसं वळलं?

मी नांदेडला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. भानामती, अंगात येणं असल्या गोष्टी भर वर्गात खोडून काढणारी बाई म्हणून मला ओळखतात. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटून राहिलीय... पण घडलं ते असं.

माझे मिस्टर बिलोलीकडचे, फौजेत हवालदार. रणगाडा फोडणारं मिसाइल चालवायचे. जुन्या पद्धतीचं — उडताना मागं केसासारखी बारीक तार उलगडत जाते, आणि चालवणाऱ्यानं दुर्बिणीतली खूण जिकडं धरली तिकडं ते जातं. सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. सीमेवर असताना त्यांनी यानंच समोरचा एक बंकर उडवला होता, त्यामुळे युनिटमध्ये मान होता.

त्या दिवशी राजस्थानात रेंजवर सराव होता. सकाळचे अकरा. समोर निशाण्याला भंगार रणगाडा. मिसाइल सुटलं, आणि कानात बोळे असताना त्यांना माझा आवाज आला — "अहो, उजवीकडं घ्या! माणूस हाय तिथं!"

त्यांनी खूण उजवीकडं ओढली. मिसाइल वाळूत जाऊन फुटलं.

साहेब भडकले. जीप पाठवली, तर रणगाड्याच्या पलीकडच्या सावलीत, भंगारात विकायला मिसाइलच्या तारा वेचणारा एक म्हातारा बसलेला! ठार बहिरा. फायरिंगच्या जागेवरून तो दिसणं शक्यच नव्हतं.

मग संशय सुरू झाला. हवालदाराला कसं कळलं? म्हाताऱ्याला यानंच आत घेतलं का? फोन तर सगळ्यांचे आधीच जमा होते. आवाजाचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "नजर चुकली" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मला फोन. "आज अकराला तू कुठं होतीस? काय बोललीस?" सूर एकदम पोलिसाचा.

मी गारच पडले. कारण अकराला आठवीच्या वर्गात फळ्यावर समीकरण लिहिताना मी मधेच जोरात ओरडले होते. काय ते मला आठवेना. पहिल्या बाकावरच्या मुलीनं सांगितलं — "मॅडम, तुम्ही 'उजवीकडं घ्या, माणूस हाय' म्हणलात." शेजारच्या वर्गातून शेख सर पळत आले होते. मी बीपीचं निमित्त सांगून वेळ मारून नेली.

हे मी मिस्टरांना सांगितलं. मग म्हणाले, "माझ्या युनिटमधून कुणाचा फोन आला तुला?"

"कुणाचाच न्हाई हो."

"मग मला रेंजवर ऐकू आले तेच शब्द कसे?"

खरं सांगते, मलाही त्यांचाच संशय आला. यांनीच शेख सरांकडून काढून घेऊन गोष्ट जुळवली असेल... मी सरांना विचारलं तर त्यांना लागलंच. "मॅडम, मेरे पे शक? तुमच्या मिस्टरांचा नंबर बी न्हाई माझ्याकडं."

चौकशीत काही निघालं नाही. उपकरणात दोष, असं लिहून कागद बंद झाले. पण त्यांना परत मिसाइलवर बसवलं नाही. गेल्या वर्षी रिटायर झाले, आता लातूरला एका डाळमिलमध्ये सिक्युरिटी बघतात. शनिवारी घरी येतात. चहा पिता पिता, मी बेसावध असताना, मधेच विचारतात — "खरं सांग... तुला कोण बोललं होतं?"

"कुणीच न्हाई."

ते मान हलवतात. पण विश्वास बसलेला नसतो, मला कळतं. आणि माझा तरी माझ्यावर कुठं बसलाय?