जाळीतला कापूस

आमची गाडी सहा वर्षांची आणि चाललेली जेमतेम नऊ हजार किलोमीटर. धुळ्याच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये सकाळी दहापासून मी हे इतक्यांदा सांगितलं, की काउंटरवरची पोरगी शेवटी मला बघितलं की आपणहून म्हणायची, "हो काका, नऊ हजार." तिचं काही चुकत नव्हतं. पण माझं डोकं फिरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात हा दिवाळीहून मोठा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि पुढं सांजोरीचा निवद. आमची माय पौषात गेली. तिची ही पहिली घागर. पहिल्या वर्षी घागरीत पहिला तांब्या लेकीनं ओतायचा, ही आमच्या घरची रीत. आणि लेक काही आपल्या पायानं येत नाही. भावानं मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जावं लागतं. मी पहूरचा, कापूसवाला शेतकरी. बहीण, माझी अक्का, पिंपळनेरला दिलेली. मधे अख्खा जळगाव जिल्हा आणि अख्खा धुळे जिल्हा. पहाटे निघालो, पारोळा ओलांडलं आणि एसीतून गरम वाफ यायला लागली. मग इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून धूर. एका टेम्पोवाल्यानं दोर लावून ओढत आणून सोडलं ते या काचेच्या महालात.

महालच होता तो. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन आणि आत थंडगार, सोफे, फुकटचा चहा, भिंतीवर टीव्ही. समोर काचेची भिंत आणि काचेपलीकडे माझी गाडी लिफ्टवर उचलून ठेवलेली. दार होतं, त्यावर पाटी, ग्राहकांना आत प्रवेश नाही. आपलीच गाडी, आपणच काचेतून बघायची, दवाखान्यात ठेवलेल्या माणसासारखी.

टाय लावलेला सल्लागार आला, हातात कागद. गोरागोमटा, गोड बोलणारा. "सर, कंडेन्सर गेलाय, रेडिएटर गेलाय, कॉम्प्रेसर पण बदलावा लागेल. बॅटरी वीक आहे. आणि चारी टायर."

"किती?"

"बहात्तर हजार होतील सर. डिस्काउंट धरून."

मी म्हटलं, "अहो दादा, गाडी फिरलीच कुठे? नऊ हजार किलोमीटरमध्ये रेडिएटर कसा जाईल? माझा ट्रॅक्टर वीस वर्षं उन्हातान्हात राबतोय, त्याचा नाही गेला."

"सर, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय."

"उघडून बघितलं का?"

"सर, सिस्टीममध्ये..."

सर म्हणणाऱ्यापासून माणसानं जपून राहावं, हे मी तेव्हा शिकलो. काका म्हणणाऱ्याशी भांडता येतं. सर म्हणणारा हातातच येत नाही.

बरं, पैसे फेकावे आणि सुटावं, तर तेही नाही. मी म्हटलं, "घ्या बहात्तर, पण मला बारापर्यंत गाडी द्या." तर म्हणतो, "सर, पार्ट नाशिकहून येतील. उद्या सुट्टी आहे, परवा संध्याकाळी देऊ." अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी धरायला तयार होतो, तर गाढव म्हणतं परवा या!

मग अक्काचा फोन आला. ती पिंपळनेरला जाऊन चाळीस वर्षं झाली, तिची बोली पार तिकडची झालीय.

"निंघना का भाऊ?"

"निघालो अक्का, पहाटेच निघालो. पण गाडी बंद पडली गं. धुळ्यात अडकलोय."

 तिच्या मागं कुणीतरी भांडी घासत होतं.

"गाडी बंद पडनी," ती म्हणाली. "परत?"

"अक्का, देवाशपथ..."

"ऱ्हाऊ दे भाऊ. मी समजी गऊ." आणि ठेवला फोन.

आता हे परत काय, ते सांगायला हवं. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

पौषात माय आजारी पडली तेव्हा तिचा एकच धोशा होता, अक्काला आण. मी अक्काला फोन केला आणि सांगितलं, "माय आठवण काढते, बसनं ये. गाडी बंद आहे." गाडी बंद नव्हती. गाडी ठणठणीत होती. पण ती पत्र्याच्या शेडमध्ये कापसाच्या गंजीमागं होती. त्या वर्षी भाव पडला होता. आमच्याकडं भाव पडला की कापूस कुणी विकत नाही, घरात भरतो. ओसरी भरली, माळा भरला, मग गाडीची शेड भरली. गाडी काढायची तर अर्धा दिवस दोन माणसं लावून कापूस हलवावा लागला असता. उद्या हलवू, उद्या हलवू म्हणत दोन दिवस गेले. माय काही इतक्यात जात नाही, असं मला वाटलं होतं. मला वाटलं होतं! अक्का तीन बस बदलून आली तेव्हा आम्ही मायला पोचवून नदीवरून परतून अंगणात पाय धूत होतो. ती दारात उभी राहिली आणि माझ्याकडं नाही, शेडकडं बघितलं. शेडला मी पोत्याचा पडदा लावला होता.

त्यानंतर ती कामापुरतं बोलायची. आखाजीला येशील ना विचारलं, तर एवढंच म्हणाली, "तू उना ते येसू." तू आलास तर येईन. म्हणून या वेळी मी आधीच माणसं लावून कापूस हलवला आणि गाडी बाहेर काढून ठेवली होती. म्हणजे आज मी पोचलो नाही, तर मायची घागर लेकीविना भरणार होती आणि मला बहीण उरणार नव्हती. आणि मी पोचणार नव्हतो, आणि कारण काय, तर गाडी बंद! लांडगा आला रे आला, आणि खरंच आला, तेव्हा ओरडणाऱ्यानं करायचं काय? मी त्या थंडगार हॉलमध्ये घामानं भिजलो होतो. भाड्याची गाडी मिळते का बघायला चारपाच जणांना फोन केले, आखाजीमुळं सगळ्या लग्नांना गेलेल्या. बसनं जावं तर अक्काला बसनं आणायचं कोणत्या तोंडानं? पौषात तिला बसनंच तर यायला लावलं होतं.

तेवढ्यात डांगराची आठवण झाली. घागरीवर ठेवायचं डांगर अक्काच्या हातानं निवडायचं म्हणून शेतातली तीन डांगरं डिकीत घेतली होती. मी उठलो आणि थेट काचेचं दार ढकललं.

"काका, काका, आत नाही जाता येत!"

"डांगर आहे गाडीत. घागरीचं आहे. नासलं तर तू भरशील का घागर?" एवढं बोलल्यावर ती पोरगी बाजूला झाली. तीही इकडचीच. घागरीच्या आड कोण येणार?

आत ऊन आणि ऑईलचा वास. गाडी आता खाली उतरवलेली, बॉनेट उघडं. एक वयस्कर मेस्त्री तिथं पाणी पीत बसला होता. डांगरं काढली, सावलीत ठेवली आणि वळलो तर समोरच्या जाळीत एक सरकी दिसली. सरकी म्हणजे कापसाचं बी. एकच, तिला चिमूटभर पांढरा कापूस चिकटलेला. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. पण पन्नास वर्षं कापूस वेचलेल्याला सरकी दिसत नाही असं कसं होईल?

आणि मला सगळं कळलं. गाडी उभी राहून बॅटरी उतरते म्हणून मी दर रविवारी न चुकता शेडमध्ये गाडी चालू करायचो. दहा मिनिटं, एसीसकट. जागेवरच. पुढं कापसाची गंजी, आणि पंखा खेचतोय हवा. सहा महिने माझ्या हातानं मी तिला कापूस खाऊ घालत होतो. मोठा जपणारा मालक! कव्हर घालून, आत डांबराच्या गोळ्या टाकून जपत होतो.

मेस्त्रीला म्हटलं, "भाऊ, ही जाळी काढा. काही गेलेलं नाही, मागं कापूस असेल."

त्यानं माझ्याकडं बघितलं, सरकीकडं बघितलं आणि हसला. "कापूसवाले का?" पाच मिनिटांत जाळी काढली. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधून त्यानं बोटानं ओढलं, तर दाबून बसलेल्या कापसाचा नमदाच निघाला, काळपट, बोटभर जाड. मग हवेचा पाईप लावला आणि त्या कडक उन्हात धुळ्यामध्ये आमचा कापूस उडाला. टायवाला धावत आला. मी त्याला म्हटलं, "बघा तुमचे बहात्तर हजार!" आणखीही बरंच म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो खाली मान घालून ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "टायरचं तरी मनावर घ्या काका. उभ्या गाडीचे टायर तडकतात." काका म्हणाला म्हणून वाकून बघितलं. तडकले होते. ते मी नंतर जळगावला बदलले, त्याचं तेवढं खरं होतं.

पाणी नवं भरलं, गाडी तासभर चालू ठेवून बघितली. काटा जागेवर. निघताना डांगरं मागच्या सीटवर ठेवली आणि मेस्त्रीकडून त्या नमद्याचा एक तुकडा मागून घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. अक्काला दाखवायला. या वेळी खरं बोललो, याचा पुरावा.

साक्री सोडली तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्ताभर मी मनात बोलणं घोटत होतो. बहात्तर हजाराचा कागद, काचेची भिंत, सरकी, सगळं रंगवून सांगायचं. अक्का हसेल. ती हसली की संपलं.

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. भाचेसुनेनं पाणी दिलं. मी बसायच्या आधीच सुरू झालो आणि सगळं सांगितलं. ती खालमानेनं खडे वेचत होती. मग मी पिशवी काढून तिच्यापुढं ठेवली.

"हे बघ. खोटं वाटत असेल तर बघ."

तिनं तो तुकडा काढला. अंगठ्यात आणि बोटात धरून तार ओढली, जशी माय ओढायची, धाग्याची लांबी बघायला. मग परत ओढली.

"हाऊ आपला घरना कापूस शे," ती म्हणाली.

"हो ना! शेडमधला."

"गाडीना म्होरे व्हता?"

"हो. पार दारापर्यंत भरला..." आणि मी काय बोलून बसलो ते मला कळलं.

अक्कानं तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, वेचलेल्या खड्यांजवळ. "पोत्याना पडदामांगे," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग, "पौषमा गाडी बंद नव्हती ना भाऊ?"

पळायला जागा नव्हती. सकाळपासून काचेआड होतो ते बरं होतं, असं वाटलं. मी म्हटलं, "नव्हती."

ती आत गेली. मला वाटलं, झालं, आता दार लागतंय. आतून पेटीचा आवाज आला, भांड्याचा आला. भाचेसून माझ्याकडं न बघता तांदळाचं ताट उचलून घेऊन गेली.

अक्का बाहेर आली तेव्हा हातात पिशवी होती आणि अंगावर मायचं लुगडं होतं, पौषात मी तिला दिलेलं.

"मी मायनी घागरसाठे येस," ती म्हणाली. "तुन्हासाठे नही."

मी पुढचं दार उघडून धरलं. तिनं मागचं उघडलं, आत बसली आणि डांगरं मांडीवर घेतली.