हुपरीतला डबल बास

डबल बास वाजवणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. आपल्यापेक्षा उंच असं ते काळ्या कव्हरमधलं धूड घेऊन रस्त्याला उभं राहिलं की किस्से आपणहून चालत येतात. ज्यांनी हे वाद्य पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: व्हायोलिनचा थोरला भाऊ, उभं राहून वाजवायचा, आणि आवाज इतका खोल की कानाआधी पोटाला कळतो. आमचा क्लास कोल्हापुरात, राजारामपुरीत. सरांच्या मालकीचा एकच बास होता, तो माझ्या वाट्याला आला, कारण बाकी सगळ्यांना गिटार हवी होती.

*

क्लासच्या खालच्या मजल्यावर दवाखाना आहे. एकदा बास दुरुस्त होऊन आला. सर पुढे, आम्ही दोघंतिघं मागे, असा तो आडवा धरून जिना चढत होतो. काळं कव्हर, वर नीट बांधलेली दोरी. बाकावरचे सगळे पेशंट उठून उभे राहिले. एका आजोबांनी टोपी काढली.

एका आजीनं सरांना हळूच विचारलं, "घरातलंच कोण हुतं?"

सरांना धाप लागली होती. म्हणाले, "होय. घरातलाच आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी निरोप पाठवला, की यापुढे उभा नेत जा.

*

एका कार्यक्रमानंतर आम्ही जेवायला गेलो आणि परत आलो तर बास गायब. मंडपवाल्यांनी सोफा, खुर्च्या, समया उचलल्या, त्याबरोबर तोही उचलला होता. सकाळी सर त्यांच्या मागावर निघाले. बास सापडला एका लग्नात, नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागं, झेंडूची माळ घालून उभा.

मंडपवाला म्हणाला, "सर, काल तुमच्या स्टेजवर मागंच उभा हुता की. शोभेचाच न्हवं?"

सरांनी फोटो होईपर्यंत तो तिथंच राहू दिला. मला मात्र ते लागलं. काल त्या स्टेजवर मीही मागंच उभी होते.

*

हे मी सरांना बोलून दाखवलं. पुढच्या कार्यक्रमात गाणं ऐन रंगात असताना त्यांनी मला थांबायची खूण केली. मी हात काढला. पेटी चालू, तबला चालू, सगळं चालू. पण गाणारी बाई दचकून मागं वळली आणि खाली पायाकडं बघायला लागली. सरांनी मला पुन्हा सुरू करायला सांगितलं, तेव्हा कुठं तिनं पुढची ओळ घेतली.

कार्यक्रमानंतर ती सरांना म्हणाली, "मधी लाईट गेलती काय हो?"

*

घरी मात्र हे सांगून उपयोग नव्हता. हुपरीत आमचं चांदीच्या पैंजणांचं काम. पुढची खोली म्हणजे कारखाना, मागं आम्ही राहतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, एकदा माझा सराव ऐकत बसले आणि म्हणाले, "आमचं पैंजण येवढंसं, पर बाई कुठल्या खोलीत हाय ते कळतंय. तुझं येवढं मोठं, आन् आवाज कुठनं येतोय त्येच कळंना."

रागावून नव्हे, विचार करून बोलले ते. मग माझ्या सोलोचं ठरलं. पहिल्यांदाच मी एकटी वाजवणार होते. अप्पांनी परवानगी दिली, अटही घातली. "हौस हाय, करून घे. मग वाद्य सरांस्नी परत द्यायचं आन् हितं कामाला बसायचं." हौस हा शब्द मला फार बोचला. भांडायचा धीर झाला नाही.

*

सोलो झाला. हॉल छोटा होता, माणसं आली होती. पहिली रचना संपली तशी पुढच्या रांगेतल्या एक मावशी वाकून म्हणाल्या, "बाळ, गाणारी कवा येणार?"

"मीच हाय, मावशी. गाणारी न्हाय कोण."

"व्हय? मग थांबलीस कशाला? वाजव की."

इतकी वर्षं मी कुणाच्या तरी गाण्याखाली वाजवत आले. त्या संध्याकाळी वर कुणीच नव्हतं, आणि मला माझाच आवाज पहिल्यांदा पुरता ऐकू आला. मला तो आवडला. बासवरच्या हळदीनं बोटं पिवळी झाली होती. मागच्या रांगेत अप्पा बसले होते, मांडीवर दोन्ही हात ठेवून.

वाद्याला हळदकुंकू कसलं, असं सरांसकट सगळ्यांनी विचारलं. त्यासाठी त्या दिवसाची सकाळ सांगायला हवी.

*

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी अवजारं पूजेला बसतात आणि दसऱ्यालाच उठतात. तोवर कुणी हात लावायचा नाही. सरावासाठी बास मी घरी आणला होता. अंघोळ करून बाहेर आले तर पाटावर हातोड्या, चिमटे, तार ओढायची पट्टी, आणि शेजारी घोंगडीवर आडवा बास. अप्पा शेवटचं कुंकू त्यालाच लावत होते आणि आई, आमची अव्वा, शेजारी फुलं घेऊन उभी होती.

"अव्वा, ह्यो कुणी ठेवला?"

"मीच की. सगळी अवजारं मांड म्हणाले, मांडली."

"अगं, संध्याकाळी माझा कार्यक्रम हाय!"

अव्वाच्या हातातली फुलं तशीच राहिली. मला रडू फुटलं. अप्पांनी बासकडं बघितलं. मग उठले, हातपाय धुऊन नारळ घेऊन आले.

"एकट्याला उठवता येत न्हाय," म्हणाले. "एकाला उठवायचं तर सगळीच उठवू."

त्यांनी नारळ फोडला, पाट हलवला. आमच्या घरची रीत अशी, की उठलेल्या अवजारानं आधी काम करायचं, मगच खाली ठेवायचं. अप्पांनी चांदीचा तुकडा घेतला आणि हातोडी चालवायला सुरुवात केली. साऱ्या गल्लीत त्या दिवशी कुठल्याच घरातून आवाज नव्हता. आमचा एकट्याचा ऐकून माणसं दारात आली.

शेजारचे काका उंबऱ्यातनंच म्हणाले, "अप्पा, खंडेनवमीला हातोडी? काय झालंय काय?"

अप्पांनी मान वर केली नाही.

"पोरीला कामावर जायाचं हाय."