आलेखात खंड नको होता

माझ्या प्रबंधातलं एक वाक्य खोटं आहे. तो प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यावर मला पदवी मिळाली, पदवीवर नोकरी मिळाली, आणि त्याच नोकरीत मी म्हातारा झालो. वाक्य असं: ‘सौर चूल एकदा उन्हात ठेवल्यावर तिच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही; त्यामुळे गृहिणीचा वेळ वाचतो.’ मूळ हिंदीत आहे. इथे मराठीत देतो, कारण ते ज्या घराबद्दल आहे तिथे आम्ही मराठी बोलत होतो.

घर हिंदी मुलखातल्या एका शहरात, चेरीताल मोहल्ल्यात, भाड्याचं. आजोबा विदर्भातून आलेले, वडील कारखान्यात. घरात आई, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई. विद्यापीठात ऊर्जा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम तेव्हा नवाच निघाला होता. रॉकेलला रांगा लागत होत्या आणि पुढे जगाचं कसं होणार याची चर्चा वर्गात चालायची. शाश्वतता हा शब्द अजून आला नव्हता, काटकसर म्हणत. नात्यातले एक काका घरी आले की विचारायचे, “बिजलीचं बिल भराले आता एम.एस्सी. लागते का बाप्पा?”

प्रबंधासाठी मला विभागाने एक सौर चूल दिली. म्हणजे एक पेटी. आतून काळा रंग, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. त्या आरशाने ऊन आत पाडायचं, काळ्या डब्यांत वरण-भात ठेवायचा आणि पेटीच्या बाजूला खोचलेल्या तापमापीवर दर अर्ध्या तासाने तापमान बघायचं. उन्हाळाभर रोजची नोंद हवी होती. अडचण एकच. सूर्य सरकतो, त्यामुळे पेटीही सरकवावी लागते, आरसाही पुन्हा लावावा लागतो. नाही तर डाळ कच्ची राहते आणि तापमान पडतं.

मी सकाळी दहाला विद्यापीठात जायचो आणि संध्याकाळी परतायचो. पेटी ताईने सरकवायची हे कोणी ठरवलं, मला आठवत नाही. ठरवावं लागलंच नाही. ती घरी असायची.

ताईचं मॅट्रिक झालं त्या वर्षी आईला दम्याने धरलं आणि तिचं शिक्षण थांबलं. माझ्या प्रबंधाच्या वर्षी मात्र तिने हट्टाने बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा प्रायव्हेट फॉर्म भरला होता. बी.ए. करून तिला शाळेत शिकवायचं होतं. वडील हो म्हणाले होते, पण याच वर्षापुरतं. स्थळं यायला लागली होती.

तर मार्चपासून ताई गच्चीवर. एका हातात अर्थशास्त्राचं पुस्तक, दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर सावरत. गच्चीला सावली नव्हती. ती जिन्याच्या तोंडाशी बसून वाचायची, अर्ध्या तासाने उठायची, पेटी सरकवायची, आकडा कागदावर मांडायची, पुन्हा बसायची. आरशाची तिरीप तोंडावर येऊन तिचं डोकं दुखायचं. संध्याकाळी मी आलो की कपाळाला ओला फडका बांधलेला.

पलीकडच्या गच्चीवरून शेजारीण ओरडायची, “क्यों दीदी, आज सूरज ने दाल गलाई कि नहीं?”

“गल रही है भाभी, आप कटोरी तैयार रखो!”

आई खालून म्हणायची, “आणि फोडणी कोण देईन? सूर्यच का?”

आम्ही हसायचो. ताई सगळ्यांत मोठ्याने.

एप्रिलमध्ये काही दिवस ढग आले आणि नोंदींचं वाटोळं झालं. मग आकाश निवळलं. मार्गदर्शक सरांनी सांगितलं, आता सलग दोन आठवडे स्वच्छ ऊन मिळालं तर त्याचाच आलेख काढ. मी दर संध्याकाळी ताईचे आकडे घेऊन आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचो आणि पेन्सिलने जोडायचो. ती रेघ रोज पुढे जायची. इतकी सुंदर गोष्ट मी तोवर केली नव्हती. खरं तर मी केली नव्हतीच, पण कागद माझ्यासमोर होता.

त्याच दोन आठवड्यांत ताईचा अर्थशास्त्राचा पेपर आला. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “अरे, एक दिन छूट जाए तो छूट जाए. नीचे टिप्पणी लिख देना. क्या फर्क पड़ता है?”

हे मी घरी सांगितलं नाही.

पेपरच्या सकाळी ताई केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हॉल तिकीट हातात होतं. मला म्हणाली, “बाबू, मी जाऊ का? आजच्या दिवस पेटीचं कसं?”

मी जोडे घालत होतो. मान वर केली नाही. म्हणालो, “तुझी मर्जी. पण आजचं तुटलं तर मागचं सगळं वाया.”

आई चुलीपाशी होती.  तिला आलेखातलं काय कळणार, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणतो ते खरं धरलं. ताईने हॉल तिकीट दुमडलं. मग हसली.

“जाऊ दे. तसंही काही वाचून नाही झालं माझं.”

मी विद्यापीठात गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा ती रोजच्या साडीत होती आणि आकडे मांडलेले होते. एकही सुटला नव्हता. मी ठिपके जोडले.

एक पेपर बुडाला म्हणजे वर्ष बुडालं. वडिलांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, “मी घाबरली. तयारी नव्हती.” मी तिथेच जेवत होतो. पुढच्या वर्षी शहराजवळच्याच पाटण गावचं स्थळ आलं. धान्याचे व्यापारी, आपल्याकडचेच लोक. लग्न झालं. ताई पेपरला घाबरली होती, ही घरातली थट्टेची गोष्ट झाली. जावईबापूंना काकांनी सांगितली, सासूबाईंना ताईने स्वतः सांगितली; तोवर तिलाही ती खरी वाटत असावी. मीही सांगितली असेल. नक्कीच सांगितली असेल.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. आलेख पाहून खूष झाले. म्हणाले, “बढ़िया! एक भी दिन नागा नहीं. पर इसे घुमाता कौन था? तुम तो क्लास में रहते होगे.”

तेव्हा मी म्हणू शकलो असतो, माझी बहीण. दोन शब्द होते. पण मग ते विचारणार की तिचा वेळ कुठे मोजलास, आणि माझ्या तक्त्यात लाकडाची बचत होती, रॉकेलची बचत होती, गृहिणीच्या वेळेचीही बचत होती. तिचा दिवस कुठेच नव्हता. मी म्हणालो, “सर, एक बार ठीक से रख दो, फिर देखना नहीं पड़ता.” त्यांनी मान डोलावली आणि ते वाक्य प्रबंधात घालायला सांगितलं.

पुढे मी तोच विषय शिकवला. बायकांना उन्हात उभं न करता अशा पेट्या कशा चालतील, यावर आता पुष्कळ काम झालंय. ते मी वर्गात शिकवत आलो, स्वतःचं वाक्य तेवढं कधी काढलं नाही. आमच्याच शहरात, गोहलपुरात एका घरी गेलो होतो, तिथे अशाच एका पेटीत पापड ठेवले होते. घरची बाई म्हणाली, “इसके पीछे कौन दिन भर खड़ा रहे भैया?” मी पापडांची तारीफ केली.

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी तिचा प्रबंध दाखवायला घरी आली. त्यात माझं ते वाक्य माझ्या नावानिशी होतं. मी तिला म्हणालो, हे काढ. ती म्हणाली, “क्यों सर? ये तो आपका ही है.” मी तिचा प्रबंध मिटून तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मी विभागात गेलो. जुन्या प्रबंधात दुरुस्ती करता येते का, विचारलं. विभागप्रमुख माझाच विद्यार्थी. त्याने चहा मागवला. म्हणाला, “सर, अब क्या करेंगे? जो जमा हो गया सो हो गया.” बाहेर येताना त्याने मला हात धरून पायरी उतरवली, माझं डोकं ठिकाणावर नसल्यासारखं.

मग मी पाटणला गेलो.

ताई अंगणात मटार सोलत होती. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा-सुनेजवळ राहते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. परीक्षकांचं आधी सांगितलं, तेव्हा ती हसली. “अच्छा! म्हणजे तुझी पेटी आपोआप फिरत होती?” मग मी सरांचं सांगितलं. एक दिवस सुटला तरी चाललं असतं, आणि हे मला त्या सकाळी माहीत होतं.

तिचे हात थांबले.

“म्हणजे मी घाबरली नव्हती?”

“नाही ताई.”

“मग इतकी वर्षं मी असं काहून म्हणत राहिली?”

सून आतून म्हणाली, “क्या हुआ माँजी?”

“कुछ नहीं. मामाजी अपनी पढ़ाई की बात करून राहिले.”

बराच वेळ ती दाणे आणि टरफलं एकाच टोपलीत टाकत होती. तिच्या लक्षात आलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग म्हणाली, “माझ्या पोरीनं नर्सिंग सोडलं ना, पहिल्या वर्षी. रडत घरी आली होती. मी तिले म्हटलं, जाऊ दे बेटा, आपल्या रक्तातच नाही परीक्षा. मी पण अशीच पळाली होती. तिनं डोळे पुसले. पुन्हा गेलीच नाही.”

भाची आता दुसऱ्या शहरात असते. तिचा मुलगा बारावीला आहे.

मी म्हणालो, “मी तिला फोन करतो. मी सांगतो.”

“करू नको.”

“ताई, खरं तरी कळेल तिला.”

“काय कळेल? ती मले विचारेल, तू उठून गेली काहून नाहीस? मामानं दार तर नव्हतं अडवलं.” तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. “याचं काय सांगू मी तिले? तू सांग.”

 मला ते आजही सुचलेलं नाही. फोन न करण्याचं मी कबूल केलं, म्हणून इथे कोणाचं नाव घातलेलं नाही. तरीही भाचीने हे वाचलं तर ती ओळखेल, आणि तिला मराठी वाचायचा कंटाळा आहे, एवढ्याच भरवशावर मी हे छापायला देतो आहे.